तिसरा पाद : अस्थिशस्त्रकर्मानंतर घरी आलेले मूल आणि त्याचे परिचारक

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण मिळून चिकित्सा षोडशगुणयुक्त होते, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहे. परीक्षेत हा प्रश्न हमखास येत असल्यामुळे तो विसरलाही जात नाही. व्यवसायात पडल्यावर मात्र यांपैकी तीन पादांचाच आपण नित्य विचार करतो. उपस्थात्याशी, म्हणजे परिचारकाशी, आपला संबंध बहुधा ‘चूर्ण कोमट पाण्यातून सकाळ-संध्याकाळ द्या’ एवढ्या वाक्यापुरता असतो. आम्हीही अनेक वर्षे याला अपवाद नव्हतो. हाडांची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेली बालके आणि त्यांना सांभाळणारी माणसे यांच्या सहवासात या तिसऱ्या पादाचे महत्त्व आम्हांस कळले, आणि त्यात आमची एक चूकही कारणीभूत झाली. ते अनुभव वैद्यबंधुभगिनींसमोर ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे चिकित्सालय तालुक्याच्या गावी आहे. शस्त्रकर्म जिल्ह्याच्या ठिकाणी होते आणि अस्थिशल्यतज्ज्ञांची भेट पुढे पंधरा दिवसांनी, कधी सहा आठवड्यांनी असते. मधल्या काळात मुलाला मलावष्टंभ झाला, भूक लागेना, झोप येईना, की कुटुंब जवळच्या वैद्याकडे येते. ‘हाड लवकर जुळण्यासाठी काहीतरी द्या’ ही मागणी तर असतेच. अशा वेळी आपल्यासमोर जे मूल येते त्याची मुख्य चिकित्सा दुसऱ्या कोणी केलेली असते, आणि ती प्रत्यक्षात रोज पार पाडणारी व्यक्ती तिसरीच, म्हणजे त्याची आई किंवा आजी, असते.

एका कुटुंबाच्या वृत्तांताने विषय स्पष्ट होईल. वीस महिन्यांची मुलगी. चालू लागल्यावर डाव्या पायाने लंगडते, हे प्रथम आजीच्या लक्षात आले. तपासणीत डाव्या वंक्षणसंधीची च्युती आढळली, म्हणजे मांडीच्या अस्थीचे शीर्ष खुब्याच्या खोबणीत बसलेलेच नव्हते. शस्त्रकर्माने ते जागेवर बसविण्यात आले आणि छातीच्या खालपासून डाव्या घोट्यापर्यंत व उजव्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालण्यात आले. यास ‘हिप स्पायका’ म्हणतात. दोन्ही पाय फाकलेले, त्यांच्यामध्ये आधाराची आडवी काठी, आणि मलमूत्रविसर्गासाठी तेवढी जागा मोकळी. सहा आठवड्यांनी भूल देऊन प्लास्टर बदलावयाचे व पुन्हा सहा आठवडे ठेवावयाचे, असा एकूण तीन महिन्यांचा हा बंध होता.

मुलीला घेऊन मंडळी घरी आली तेव्हा पहिली अडचण उंबरठ्यातच उभी राहिली. फाकलेल्या पायांची रुंदी दाराच्या चौकटीत मावेना. तिला तिरपी करून आत न्यावे लागले. ती पाळण्यात मावेना, मांडीवर बसेना, कडेवर घेता येईना. आई आम्हांस म्हणाली, “डॉक्टर, तीन महिने पोरगी माझ्या अंगाला लागणार नाही. हात फिरवला तरी भिंतीवर फिरवल्यासारखं वाटतं.” शस्त्रकर्माच्या खर्चाची, भुलेची, जखमेची भीती तिने पचविली होती, या एका गोष्टीने मात्र तिला रडू आवरेना. मूल अंगाशी घेता न येणे हे दुःख कोणत्याही निदानपत्रकात लिहिलेले नसते.

यापुढील व्यवहार सूक्ष्म आहे आणि तो रुग्णालयातून निघताना घाईत पाच मिनिटांत सांगितला जातो. लहान आकाराचा डायपर प्लास्टरच्या मोकळ्या जागेत कडांच्या आत सरकवावयाचा आणि वरून मोठा डायपर गुंडाळावयाचा. मुलाचे डोके व छाती नेहमी कमरेपेक्षा उंच ठेवावयाची, म्हणजे मूत्र प्लास्टरमध्ये मागे न जाता खाली उतरते. दिवसा दर दोन तासांनी कूस बदलावयाची, पालथे निजवावयाचे तर छातीखाली उशी द्यावयाची, टाच गादीला टेकू द्यावयाची नाही. उचलताना मधल्या काठीला कदापि धरावयाचे नाही, कारण ती काठी मूठ म्हणून लावलेली नसते; ती ओढली गेल्यास प्लास्टर तडकते. या मुलीच्या आईने हे सर्व आठ दिवसांत आत्मसात केले. चरकोक्त उपचारज्ञता आणि दाक्ष्य म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्ही पाहिलेले नाही.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात परिचारकाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत ‘अजुगुप्सु’ आणि ‘अश्रान्त’ असे दोन शब्द येतात. ज्याला किळस येत नाही तो अजुगुप्सु. जो थकत नाही तो अश्रान्त. पहिला गुण मातेच्या ठिकाणी सहजच असतो. दुसऱ्याबद्दल मात्र थोडे थांबून विचार करावयास हवा. रात्रीतून तीन वेळा उठून प्लास्टरसह चौदा-पंधरा किलोचे मूल वाकून उचलणारी, पहाटे पाणी भरणारी आणि सर्वांच्या मागून शिळ्या भाकरीवर जेवणारी स्त्री तीन महिने अश्रान्त राहणे शक्य नाही. आचार्यांनी गुण सांगितला. तो टिकवून धरण्याची जबाबदारी भिषक् म्हणून आपल्यावर येते, असे आमचे मत झाले आहे.

दुसऱ्या आठवड्यात मुलीला चार दिवस मलप्रवृत्ती झाली नाही म्हणून आई आली. मृदू विरेचनाची मागणी होती. आहार विचारला असता दूध, वरणभात, नाचणीची खीर, सर्व यथायोग्य होते. पाणी किती, असे विचारताच ती गप्प झाली. मग म्हणाली, “कमी पाजते. जास्त पाजलं की सारखी ओली होते, आणि प्लास्टर भिजलं तर डॉक्टर ओरडतील.” ही गोष्ट तेव्हापासून आम्ही प्रत्येक अशा कुटुंबात विचारतो आणि बहुतेक ठिकाणी उत्तर तेच मिळते. प्लास्टर कोरडे राखण्यासाठी मूल कोरडे ठेवले जाते. औषध एवढेच केले, की पाणी पूर्ववत सुरू करावयास सांगितले, भिजवलेल्या मनुका कुस्करून दिल्या आणि डायपर बदलण्याच्या वेळा आजीला वाटून दिल्या. तिसऱ्या दिवशी तक्रार राहिली नाही.

आहाराविषयी आणखी एक सूचना करावीशी वाटते. भग्नरुग्णास शालि, क्षीर, घृत, मांसरस असा बृंहण आहार सुश्रुतांनी सांगितला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु हालचाल बंद असलेल्या मुलाचा अग्नी मंद असतो आणि पोटाभोवती प्लास्टरचे कडे असते. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, साय यांचा मारा प्रेमापोटी सुरू होतो. एका बैठकीत पोटभर खाऊ घातल्यास ते कडे काचते. म्हणून थोडे थोडे, पाच-सहा वेळा द्यावे. अशा मुलास वारंवार उलट्या होऊन पोट फुगू लागल्यास मात्र ती सामान्य छर्दी समजून मोरावळा किंवा सूतशेखर देत बसू नये. घट्ट प्लास्टर व सततची उताणी स्थिती यांमुळे लहान आतड्याचा आरंभीचा भाग रक्तवाहिनी आणि पाठीचा कणा यांमध्ये दाबला जाण्याचा संभव असतो. तेथे त्वरित शल्यतज्ज्ञांकडे पाठविणे हेच कर्तव्य ठरते.

पाचव्या आठवड्यात हीच आई पुन्हा आली. या वेळी मूल सोबत नव्हते. शेजारणीच्या दुचाकीवर बसून ती एकटीच आली होती. मुलगी रात्री दचकून रडते, कमरेच्या मागे एका ठिकाणी हात नेते आणि कोणी तेथे हात लावू लागले की किंचाळते. घरातील कोणी दृष्ट काढली, कोणी म्हटले दात येत असतील. “आणि वास येतो,” ती म्हणाली, “शी-सूचा नाही. तो मला कळतो. हा वेगळा आहे.” बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी, हे सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे : जेथे दुखते तेथे ते वारंवार स्पर्श करते आणि इतरांनी स्पर्श केल्यास रडते. ग्रंथ न वाचलेल्या त्या बाईने लक्षण जसेच्या तसे सांगितले होते. आम्ही तेथूनच शल्यतज्ज्ञांना दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी प्लास्टरला खिडकी पाडली असता आतून एक शेंगदाणा आणि काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला. त्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा व्रण झाला होता. मोठ्या भावाने खेळता खेळता खाऊ भरविला होता, आणि तो तोंडाऐवजी गळ्याजवळच्या कडेतून आत गेला होता. व्रण वेळीच सापडल्यामुळे सहजी भरून आला. येथे आम्ही काही केले नाही. आईचे म्हणणे खरे मानले, एवढेच.

या प्रसंगी आम्ही तसे वागलो त्याचे कारण सुखद नाही. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत सात वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. चिंचेच्या झाडावरून पडून कोपराच्या वर अस्थिभंग झालेला, शस्त्रकर्माने तारा घालून हाड जुळविलेले. चौथ्या आठवड्यात तारा काढल्या आणि कोपर आखडलेले होते. मुलाला शाळेत ‘वाकड्या’ म्हणून चिडवीत. आजोबांनी हात जोडून ‘काहीतरी करा’ म्हटले. आम्ही महानारायण तेलाचा अभ्यंग, स्वेदन आणि रोज थोडा जोर देऊन हात सरळ करणे, अशी योजना दिली. मुलाची आई तिसऱ्या दिवशीच म्हणाली, की मालिशीनंतर कोपर गरम लागते आणि तो पूर्वीइतकाही हात वाकवीत नाही. आम्ही ‘होईल हळूहळू’ असे उत्तर दिले. दीड महिन्याने क्ष-किरण चित्र काढले तेव्हा कोपरापुढील स्नायूत अस्थी तयार होऊ लागली होती. शल्यतज्ज्ञांनी आम्हांस दोष न देता एवढेच सांगितले, की मुलांचे कोपर काही महिन्यांत खेळता खेळता बहुतांशी आपोआप मोकळे होते. त्याला फक्त कोणी ओढू-चोळू नये. तो मुलगा पुढे बरा झाला, तरी हात पूर्ण सरळ होण्यास फार काळ लागला, आणि शेवटचे काही अंश राहिले ते राहिलेच.

अभ्यंग हे आपले बलस्थान आहे आणि म्हणूनच येथे संयम अवघड जातो. नुकत्याच जुळलेल्या हाडाभोवतीच्या सांध्यावर, विशेषतः कोपरावर, जोराचे मर्दन व ताण वर्ज्य समजावे. स्पायका काढल्यानंतरही हीच दक्षता हवी. तीन महिने भार न पडलेले अस्थी दुर्बल झालेले असतात. मालीशवाल्या बाईने नेहमीप्रमाणे पाय ओढले तर नव्याने अस्थिभंग होऊ शकतो. सुश्रुतांनी बंधाविषयी जो मध्यममार्ग सांगितला, की शिथिल बांधल्यास संधी स्थिर होत नाही आणि अतिगाढ बांधल्यास त्वचादि धातूंना शोथ, वेदना व पाक होतो, तो हाताच्या दाबालाही लागू करावा, असे आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे.

अतिगाढ बंधाचा विषय निघालाच आहे तर हाडवैद्यांविषयी बोलणे प्राप्त आहे. आपल्या भागात आजही काही पालक शस्त्रकर्म टाळण्यासाठी प्रथम त्यांच्याकडे जातात. बांबूच्या कांबींनी करकचून बांधलेला हात घेऊन येणारे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. पण प्लास्टरखालीही सूज वाढून तेच संकट ओढवू शकते. बोटे सुजणे, निळी किंवा पांढरीफटक पडणे, थंड लागणे, बधिर होणे ही लक्षणे आईला दाखवून शिकवावीत. त्याहून आधी येणारे लक्षण म्हणजे वाढत जाणारी वेदना : वेदनाशामक दिल्यावरही मूल अधिकाधिक अस्वस्थ होते आणि बोटे हळुवार सरळ केली तरी ओरडते. येथे वेळ तासांत मोजावयाची असते. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हे वाक्य कोणी उच्चारू नये, आणि वैद्याने तर मुळीच नाही.

आता शरीराबाहेरच्या एका दुखण्याविषयी. या मुलीच्या आईला सासरच्या नात्यातील एका वृद्धेने विचारले होते, “ग्रहणात काय चिरलंस?” जन्मजात व्यंग असलेल्या मुलाच्या मातेला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच, आणि ती बिचारी मनातल्या मनात गरोदरपणाचे दिवस उलगडून पाहत बसते. अपघात झालेल्या मुलाच्या आईचा प्रश्न वेगळा असतो : तो पडला तेव्हा मी कोठे होते? आम्ही या मातेला समोर बसवून सांगितले, की हा विकार मुलींत अधिक आढळतो, पहिल्या अपत्यात अधिक आढळतो, गर्भ पायाळू असल्यास किंवा घराण्यात पूर्वी कोणाला असल्यास त्याची शक्यता वाढते; ग्रहणाचा व विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिची मुलगी पायाळू जन्मली होती. ते ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे घरी येऊन सांगाल का?” आम्ही गेलो. चहा झाला, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, असे नंतर कळले.

हा विकार जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ध्यानी आल्यास पुष्कळदा पट्ट्यांच्या साहाय्याने, शस्त्रकर्माविना बरा होतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या जन्मजात दोषांची तपासणी होते त्यांत याचा व वाकड्या पावलांचा समावेश आहे, आणि त्या फिरत्या पथकांतून आपलेच अनेक बी.ए.एम.एस. बंधुभगिनी काम करीत आहेत. तान्ह्या मुलाचे दोन्ही खुबे सारखे फाकतात की नाही, दोन्ही गुडघे एका उंचीवर येतात की नाही, हे पाहण्यास अर्धा मिनिट लागतो. बाळाचे पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट बांधण्याची चाल जेथे असेल तेथे ती सोडावयास सांगणे, हेही आपल्याच अधिकारातील काम आहे.

परिचारकाच्या देहाकडे वळू. सातव्या आठवड्यात आई मुलीसाठी औषध न्यावयास आली, ती कमरेवर हात ठेवून. कटिशूल, निद्रानाश, अन्नद्वेष आणि चिडचिड, म्हणजे वातप्रकोपाचे स्पष्ट चित्र. तिने स्वतःविषयी एक शब्दही काढला नव्हता. त्या दिवशी आम्ही तेलाची बाटली दिली ती तिच्यासाठी. रोज रात्री सासूबाईंनी सुनेच्या कमरेला तेल लावावे, असे सासूबाईंच्या उपस्थितीत सांगितले. सासूबाई प्रथम संकोचल्या, नंतर हसल्या, आणि त्यांनी ते खरोखर केले. मूल उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवून, छातीशी धरून उठावे, हे करून दाखविले. गरम जेवण मुलीच्या जेवणाच्या आधी घ्यावे, ही सूचना पाळली जाईना. तेव्हा तीच ‘औषधाची वेळ’ म्हणून कागदावर लिहून दिली, आणि मग पाळली गेली. आपल्या पत्रकाचा असाही उपयोग होतो.

वडिलांचा उल्लेख करावयास हवा. ते ट्रॅक्टरवर चालक होते. रुग्णालयातील दिवसांची मजुरी बुडालेली होती. सेवेच्या कामात त्यांचा हात चालत नसे, मूल रडले की ते बाहेर जात. एके दिवशी गावच्या सुतारासोबत बसून त्यांनी लाकडी फळीला चार चाके लावली, कडेला उशा ठोकल्या आणि पायांच्या मापाची खाच पाडली. त्यावर मुलीला पालथे निजवले की ती हातांनी फळी ढकलीत घरभर फिरे. अधःशाखेच्या भग्नात रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांनी स्थिर करण्याचा कपाटशयन विधी सुश्रुतांनी वर्णिला आहे. तेथील हेतू हालचाल रोखण्याचा, येथील हालचाल देण्याचा. तरी त्या फळीकडे पाहताना आम्हांस तोच आठवला. मुलीची झोप व भूक सुधारण्यास त्या गाड्याइतका उपयोग आमच्या कोणत्याही योगाचा झाला नाही. मोठ्या भावाला ओढण्यासाठी पुढे दोरी बांधून दिली होती, त्यामुळे त्याची कुरकुरही थांबली.

तीन महिने पूर्ण झाल्यावर प्लास्टर निघाले. करवतीच्या आवाजाने मुलगी घाबरली आणि निघाल्यावर आई घाबरली : पाय काडीसारखे, त्वचेवर खपल्यांचे थर, आणि मुलगी पाय हलवावयास तयार नाही. प्लास्टरची सवय झालेल्या मुलाला ते निघणे हीच भीती वाटते, हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. खपल्या खरवडू नयेत, कोमट पाण्याने भिजवून तेलाचा नुसता हात फिरवावा, चोळू नये, उभे राहण्याची घाई करू नये, असे सांगितले. शल्यतज्ज्ञांनी रात्रीसाठी पट्टा दिला होता, आणि दिवसा कडेवर घेण्यास हरकत नाही असे लिहिले होते.

ते आम्ही वाचून दाखविताच आजी पुढे झाली. एवढे दिवस तिने नातीला कडेवर घेतले नव्हते. मुलीचे पाय अजून सवयीने तसेच फाकलेले होते, त्यामुळे ती आजीच्या कमरेवर नेमकी बसली.